सहा इंची चकती

दिपेश केणेशी कोणाची नवी ओळख झाली आणि त्याच्या मशीनचा विषय निघाला, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मग, मिळालं का कधी सोनं?" विचारणारा रिक्षावाला असो, बँकेतला साहेब असो, नाहीतर हळदीच्या मांडवात शेजारी बसलेला पाहुणा असो, प्रश्न तोच आणि डोळ्यांतली चमकही तीच. दिपेशचं उत्तरही ठरलेलं. "बाटल्यांची बुचं मिळालीत. पायजे तर घेऊन जा, पोतंभर हायत."

डोंबिवली पश्चिमेला, मोठागावच्या रस्त्यावर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सोसायट्यांचे पाण्याचे पंप जळतात, ते त्याच्याकडे येतात. जळलेली तार सोलून काढायची आणि नवी भरायची, हे त्याचं काम. केण्यांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या त्याला जमाना झाला. नुसत्या भाड्यावर घर चाललं असतं; चुलतभावांचं चालतंच, आणि ते गाड्यांच्या काचा पुसत मजेत असतात. दिपेशला मात्र रिकामं बसता येत नाही. घरच्यांच्या मते हा त्याचा एकमेव दोष. बायकोच्या, म्हणजे आसावरीच्या मते अनेकांपैकी एक.

मशीनचा नाद त्याला लागला तो रागातून. लग्नानंतर दोघं नागावच्या किनाऱ्यावर गेली होती. लाटांत खेळताना सासऱ्यांनी घातलेली अंगठी बोटातून निसटली. भरती अंगावर येईपर्यंत हा बहाद्दर दोन्ही हातांनी वाळू उपसत होता आणि किनाऱ्यावरची माणसं भेळ खात गंमत बघत होती. अंगठी मिळाली नाही. आसावरी म्हणाली, "जाऊ दे ना, तू तर आहेस." इतकं गोड बोलणं ऐकूनही याचा राग गेला नाही. घरी आल्यावर त्याने धातू शोधायची मशीन मागवली, पाण्यातही चालणारी. लांब दांडा, वर एक डबी, खाली गोल चकती, कानाला हेडफोन. चकतीच्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेली. आयुष्य तारा गुंडाळण्यात गेलेल्या माणसाला आणखी काय हवं? दुकानदार तिला कॉईल म्हणतो, दिपेश चकती म्हणतो.

तेव्हापासून सुट्टी मिळाली की तो नागाव-आक्षीच्या वाळूत नाहीतर उल्हास नदीच्या पात्रात. हळूहळू बोलावणी येऊ लागली. सहलीत कोणाची अंगठी गेली, पोहताना कोणाच्या गळ्यातली साखळी तुटली, की "तो डोंबिवलीचा मशीनवाला" आठवतो. येणाऱ्याचा हट्ट एकच, "दादा, सगळ्यात मोठी चकती लावा." माणसाला मोठ्या गोष्टीवर फार विश्वास असतो. मग दिपेश समजावतो. मोठी चकती खोल बघते आणि एका फेरीत जास्त जागा घेते, हे खरं. पण तिच्या पोटाखाली एक खिळा आणि एक अंगठी शेजारी शेजारी आली, तर तिला दोघांचा मिळून एकच गोंधळ ऐकू येतो. बारीक वस्तू तर तिला कळतच नाही. शिवाय पाण्यात ती ओढायची म्हणजे परात फिरवण्यासारखं, तासाभरात खांदा भरून येतो. मोकळी स्वच्छ वाळू असेल तर मोठी. कचरा, खडक, लोखंड असेल तर छोटी. म्हणून त्याचा नियम होता: आधी काय हरवलं ते विचारायचं, मग कुठे, आणि चकती त्यानंतर. दुसरा नियम असा, की वस्तू हरवणाऱ्याच्याच हातात द्यायची आणि ती कुठे सापडली हे खरं सांगायचं. हे दोन्ही नियम त्याने कोणाकडून शिकले नव्हते, चुका करून करून लावून घेतले होते.

एवढं सगळं येऊनही सख्ख्या बहिणीच्या वेळी हा माणूस चुकला.

जागृती त्याची धाकटी बहीण. वैशाखात तिचं लग्न होऊन ती खारेगावला गेली. सासरे काळुराम, सासू ठमाबाई, नवरा प्रितम. घर मूळचं मिठागरात राबणाऱ्यांचं. आता मिठागरं राहिली नाहीत. जमिनीचे पैसे आले, तीन मजली बंगला झाला, आणि काळुरामांना सगळे शेठ म्हणू लागले. माणूस वाईट नव्हता, पण बोलला की बोलला. त्यांची मुलगी पायल हिने शहाडच्या एका परजातीच्या मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं, त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं. शहाड काही परदेशात नाही. पण काही अंतरं किलोमीटरमध्ये मोजायची नसतात.

आगऱ्यांच्या घरात गौर येते ती तेरड्याची. रोपांच्या जुडीला साडी नेसवायची, मुखवटा लावायचा आणि घरात असेल नसेल ते सोनं तिच्या अंगावर चढवायचं. माहेरवाशीणच ती, तिला कमी पडू द्यायचं नाही. निघायच्या दिवशी घाटावर आरती झाली की घरातली सून दागिने उतरवून पदरात बांधते आणि मग पुरुष गौरीला पाण्यात नेतात. जागृतीची ही पहिली गौर. काळुरामांनी चारचौघांत जाहीर केलं होतं, की गौरीच्या नाकातली ती जुनी नथ, त्यांच्या आईची, पुढच्या वर्षी सुनेच्या नाकात दिसेल. जागृती लाजली, बायकांनी कौतुक केलं, ठमाबाई आरतीचं ताट घासत राहिल्या.

घाटावरून घरी येऊन पदर सोडला तेव्हा सगळं होतं, नथ नव्हती.

पुढचं कोणालाही सांगता येईल. घर उलटंपालटं झालं. काळुराम आधी म्हणाले, "सोनं सांभाळता येत नाय तर हात लावायचा नाय." हे एक वेळ जागृतीने गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माहेरी तं नाय ना धाडलीस?" आणि तिच्या कमरेची कपाटाची किल्ली परत मागून घेतली. गावात ही गोष्ट पोचायला किती वेळ लागणार? जी नथ वर्षभराने आपलीच होणार ती कोण कशाला चोरेल, हा साधा प्रश्न कोणाला पडला नाही. पडला असता तर बोलायला काय उरलं असतं?

"दादा, मशीन घेऊन ये," जागृती फोनवर म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, त्यामुळे दिपेश जास्त घाबरला. "पाण्यात गेली असेल तर माझा वेंधळेपणा. तेवढं मी ऐकून घेईन. पण नाय मिळाली ना, तर मी चोर ठरले. मग मी इथं राहणार नाय. बॅग भरलेय."

दिपेश शीळफाट्यावरून बायपासने खारेगावात पोचला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. वेळ त्याने मुद्दाम साधली होती. गौरी जातात ते भांगाचे दिवस, तेव्हा खाडीचं पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पुनव जवळ आली की उधाण लागतं आणि ओहोटी खूप खाली जाते. गौरीच्या दिवशी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे आज गुडघाभर असणार होतं. पण दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. मंडळांचे मोठे गणपती याच घाटावर येणार, शेकडो पाय चिखल तुडवणार, आणि मग नथ काय, नांगर पडला असला तरी सापडायचा नाही. म्हणजे हातात होती ती ही एकच ओहोटी.

घाटावर प्रितम वाट बघत होता, आणि जागा दाखवायला म्हणून ठमाबाईही आल्या होत्या. पायरीवर पदर घट्ट लपेटून बसलेल्या.

"दाजी, गौर कुठपर्यंत नेली होती?" दिपेशने विचारलं.

"त्या खांबाच्या पण पुढं. मीच नेलेली," प्रितम म्हणाला. "दादा, मोठीच लावा ना. सगळा एरिया कव्हर होईल."

इथेच दिपेशची चूक झाली. नथ म्हणजे काय? केसाएवढ्या तारेत ओवलेले चार मोती. बारीक आणि नाजूक वस्तू, त्याच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे सहा इंची चकतीचंच काम. पण समोर एवढी मोठी जागा पसरलेली, पाणी थोड्या वेळाने फिरणार, आणि डोक्यात एकच वाक्य घोळत होतं, बॅग भरलेय. त्याने पंधरा इंची चकती लावली. ती पाण्यात तरंगते म्हणून तिला वाळूची पुरचुंडी बांधली आणि तो खांबाच्या पुढे गेला.

चकती ओढून ओढून खांदा भरून आला. मशीन सारखी ओरडत होती, आणि चाळणीत येत होत्या मूर्तीच्या पाटाचे खिळे, पत्र्याचे तुकडे, नाणी, एक आख्खी घंटा. खारं पाणीसुद्धा मधूनच खोटा आवाज काढायचं. लहान काही नाहीच. लहान वस्तूंना या चकतीने विचारलंच नव्हतं.

"अजून पुढं बघ रे पोरा," ठमाबाई पायरीवरून सांगत होत्या. "तिकरंच सोरली व्हती गौर. हिकरं काय नाय."

पाणी अजून उतरत होतं, पण फार वेळ उतरणार नव्हतं. दिपेश बाहेर आला, पायरीवर बसला, आणि स्वतःला दोन शिव्या दिल्या. कोणाला ऐकू न जाणाऱ्या, पण दमदार. परक्या माणसाला जे दहा वेळा समजावतो ते आपल्या घरची वेळ आली की विसरतो. त्याने मोठी चकती उतरवली आणि पिशवीतून छोटी काढली. बशीएवढी.

आणि छोटी चकती लावली तशी त्याला जागाही छोटी दिसू लागली. दागिने उतरवले कुठे? पाण्यात नाही, पायऱ्यांपाशी. नथ पदरात बांधताना निसटली असेल तर बायका उभ्या होत्या तिथेच पडली असणार. शेवटच्या पायरीच्या पायथ्याशी त्या दिवशी पाणी होतं, आज नुसता काळा चिखल होता. तिथे मोठी चकती चाललीच नसती. पायरीच्या सिमेंटमधल्या सळ्यांनी तिचे कान बंद केले असते. छोटी त्या सळ्यांपासून चार बोटं अंतर ठेवून कोपऱ्यात शिरत होती.

"तिथं कशाला टाइम घालवतंस?" ठमाबाई म्हणाल्या. "तिथं मी सवता हातानी चाचपलाय."

दिपेशने हसून मान डोलावली आणि चकती फिरवत राहिला. प्रितम चहा आणायला वर गेला होता. पायरीच्या डाव्या अंगाला एक आवाज आला. इतका हलका, की आला का नाही अशी शंका यावी. त्याने पुन्हा चकती नेली, पुन्हा आला. हाताने चिखल उकरला तर मनगटापर्यंतही जावं लागलं नाही. हातात आली एक चिंधी.

हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी होती, गाठीवर गाठ मारलेली. आत काहीतरी जड. त्याने पाण्यात धुतली, एक पदर जरासा सैल केला. आत नदीतला गुळगुळीत गोटा होता आणि गोट्याला टेकून नथ.

पडलेली वस्तू चिंधीत बांधलेली नसते. आणि चुकून पडलेल्या वस्तूबरोबर, ती बुडावी म्हणून दगड बांधलेला नसतो. दिपेशने मान वर केली. ठमाबाईंच्या अंगावर तसंच हिरवं लुगडं होतं.

"परत टाक," त्या म्हणाल्या.

"मावशी?"

"टाक रं. तुझ्या पाया परतंय." त्या खरंच उठल्या होत्या. "ती पायलची हाय. सासूनं मना सांगून ठेवलेलं, पयल्या नातीला. आन हे बोलले, सुनंला. मी काय बोलू? तिचा नाव तरी घेऊ देतान का? ती आली नाय, निदान तिची नथ गौरीसंग जाव. गौर पन माहेरवाशीन हाय, ती पोचवील."

एरवी दिपेश मऊ माणूस. पण त्याला राग आला, आणि साधासुधा नाही. ही बाई रडत होती, तिचं दुःख खरं होतं, हे त्याला कळत होतं. आणि हिच्यासमोर आपल्या बहिणीला चोर म्हटलं गेलं तेव्हा ही ताट घासत बसली असेल, हेही कळत होतं.

"आणि माझी बहीण?" तो म्हणाला. "तिच्या कमरेची किल्ली काढून घेतली तेव्हा तुम्ही घरातच होता ना?"

ठमाबाई पुन्हा पायरीवर बसल्या.

नुसती नथ नेऊन दिली असती तर काम भागलं असतं. "चिखलात मिळाली" म्हटलं की जागृती चोरीतून सुटली असती. वेंधळी ठरली असती, तेवढं ती ऐकून घेणारच होती. ठमाबाईंची अब्रूही राहिली असती. दिपेशच्या मनात हे आलं, नाही असं नाही. पण मग ती पोर जन्मभर त्या घरात, न केलेल्या चुकीची माफी मागत फिरली असती. त्याने चिंधीच्या गाठी होत्या तशा आवळल्या.

"मी कोणाला काय सांगणार नाय," तो म्हणाला. "पण देणार ती अशीच. चिंधीसकट. सोडायची तुम्ही."

घरी काळुराम ओटीवर झोपाळ्यात बसले होते. जागृती दारात उभी, खरंच बॅग पायाशी. मागे चहाची किटली घेतलेला प्रितम, त्याला अजून काहीच पत्ता नव्हता.

"मिळाली," दिपेश म्हणाला, आणि ती चिखलट चिंधी ठमाबाईंच्या हातात ठेवली.

जागृतीने डोळे मिटून श्वास सोडला. काळुराम पुढे झुकले. "हे काय? चिंधी कसली?"

ठमाबाई खाली बसल्या. गाठी ओल्या होऊन फुगल्या होत्या, नखांनी सुटेनात. सगळे बघत होते आणि कोणी मदतीला हात पुढे करत नव्हतं. शेवटी त्यांनी दाताने गाठ ओढली. गोटा फरशीवर पडला, नथ तळहातावर राहिली.

"पोरीनं नाय हरवली," त्या म्हणाल्या. "आरतीच्या गर्दीत मीच काढली, बांधली न् मीच सोरली पान्यात. पायलची व्हती म्हनून."

ओटीवर ते नाव इतक्या वर्षांनी ऐकू आलं. प्रितमने किटली खाली ठेवली. दिपेशला वाटलं, आता म्हाताऱ्याचा आवाज चढणार, आणि बहिणीला घेऊन निघायची तयारी त्याने मनातल्या मनात केलीसुद्धा.

काळुरामांनी फरशीवरचा गोटा उचलून पाहिला. मग म्हणाले, "पायलची व्हती तं पायलला द्यायची. पान्यात कशाला टाकलीस?"

"तुमी देऊ दिली असती?"

'हो' म्हणावं तर इतकी वर्षं गेली कुठे, आणि 'नाही' म्हणायची ताकद राहिली नव्हती. काळुरामांनी कनवटीची किल्ली काढली आणि सुनेकडे न बघता झोपाळ्याच्या फळीवर, तिच्या बाजूला सरकवली. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाची तेवढीच मजल. जागृतीने ती उचलली नाही.

ठमाबाई उठून तिच्यासमोर आल्या. त्यांनी नथ पुढे केली. "तूच जा शहाडला. तूच दे तिला. तुझ्या हातानी जाऊ दे."

दिपेशला वाटलं, झालं, आता ही विरघळणार. सुना विरघळतात, घरं तशीच तर चालतात. पण जागृतीने हात पुढे केला नाही. तिचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र तसाच कोरडा होता.

"मी एकटी नाय नेणार, आई. वाटेत हरवली तर परत माझ्याच नावावर." तिने पायाने बॅग दाराच्या आत सरकवली. "तुम्ही चला. तुमच्या पदरात बांधा, तुमच्या हाताने द्या. मी रिक्षा बघते."

"ती दार उघरंल का मना?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

ठमाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. काळुरामांनी झोपाळा पायाने थांबवून धरला होता. मग ठमाबाईंनी नथ पदराच्या टोकाला बांधली, आणि तिच्यावर मूठ तशीच आवळून पाय धुवायला आत गेल्या.